झाकणावरचा आकडा

१

सकाळी साडेआठला ज्ञानदा घरातून निघायची तेव्हा तिच्या खांद्यावर दोन पिशव्या असायच्या आणि डोक्यात तिसरी. खांद्यावरच्या दोनमध्ये डबा, पाण्याची बाटली, इस्त्री केलेला पांढरा कोट. डोक्यातल्या तिसरीत आर्याचं अंग गरम तर नव्हतं ना, बाल्कनीच्या दाराची कडी लावायला सासूबाईंना सांगितलं का, आणि सांगितलं असेल तर त्यांनी ऐकलं असेल का. आर्या दीड वर्षाची होती. तेवढ्या काळात ज्ञानदाची इतक्या आजारांची काळजी करून झाली होती, की एखाद्या बालरोगतज्ज्ञाला परीक्षेआधी उजळणीला ती उपयोगी पडली असती. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झालेल्या बाईने आई होऊ नये, असं ती स्वतःच म्हणायची. जंतू नावानिशी ओळखीचे असतात, हाच सगळा घोळ.

मनवेलपाड्याहून स्कूटी काढायची आणि गोखिवऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत लावायची. एका बाजूला प्लॅस्टिकचे चमचे बनवणारा गाळा, दुसऱ्या बाजूला खोके बनवणारा, आणि मधोमध, पाटी नसलेल्या काचेच्या दारामागे, त्यांची लॅब. बाहेर मशीनचा धाडधाड आवाज. आत शिरून दार लावलं, की फक्त हवा गाळणाऱ्या पंख्याची घरघर.

या लॅबमध्ये यकृत वाढायचं. आख्खं नव्हे, त्याचे रव्याच्या कणाएवढे नमुने. नवजात बाळाच्या नाळेतलं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींना मागे नेत नेत मूळपेशी बनवायचं, मग पुढे आणत आणत यकृताच्या वळणावर सोडायचं. त्या आपणहून एकत्र येऊन पोकळ गोळे करायच्या आणि खऱ्या यकृतासारख्या वागायला लागायच्या. औषध कंपन्या नवी औषधं पाठवायच्या. ती माणसाच्या यकृताला विषारी आहेत का, ते या गोळ्यांवर बघायचं. तळहाताएवढ्या प्लेटमध्ये चोवीस खळगे, प्रत्येक खळग्यात जेलीचा ठिपका, ठिपक्यात गोळे, वर गुलाबी द्रव. द्रव पिवळट पडला की त्यातलं सत्त्व संपलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकराला, जुना काढून नवा घालायचा. लॅबमध्ये याला ‘खायला घालणं’ म्हणत.

कामाला तिघं. मालक-कम-शास्त्रज्ञ जयवंत सर, ज्ञानदा आणि तिच्या शेजारी बसणारी सालोमी. सालोमीचा आलोशियस, घरचा ॲलू, आर्याहून चार महिन्यांनी लहान. दोघींच्या डब्याच्या गप्पा दात, जुलाब आणि झोप यांच्यापुढे कधी सरकल्या नाहीत.

नमुन्यांना नावं नसत, आकडे असत. कुठला आकडा कुठल्या बाळाचा, ते फक्त सरांच्या कपाटात. अपवाद एक. अकरा नंबर आर्याचा, हे ज्ञानदाला माहीत होतं, कारण सही तिचीच होती.

आर्याचा, म्हणजे आर्याच्या नाळेतल्या रक्ताचा. हा फरक तिला तेव्हा स्वच्छ दिसत असे.

२

सुरुवात एका टोमण्याने झाली.

“तुजी पोर उपास धरते,” शकूबाई म्हणाल्या. ज्ञानदाच्या सासूबाई, म्हणजे तिच्या नवऱ्याची, धनेशची आई; वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातली बाई. नात झाली तशी भाताची कोठी धाकट्या जावेवर सोपवून मुलाच्या वन बीएचकेत येऊन राहिलेली.

“कसला उपास, आई?”

“मला काय इचारते? सोमवार, बुधवार, शुक्रवार. अकराच्या सुमाराला तोंड मिटून बसते. भात नको, पेज नको, पानी पन नको. मंगलवारी बग, ताट चाटून खाते.”

“देवभक्त निघाली,” मोबाइलमधून डोकं न काढता धनेश म्हणाला. “घरात कुणीतरी हवंच होतं.”

सगळे हसले. ज्ञानदाही हसली, पण एक क्षण उशिरा.

आयांना असले नमुने दिसतातच, तिने स्वतःला समजावलं. झोप कमी आणि लक्ष जास्त, की वेळापत्रकातही चेहरे दिसायला लागतात. तरी तिने मोबाइलमध्ये टिपण ठेवायला सुरुवात केली. तीन आठवडे. सासूबाईंचा एकही वार चुकला नव्हता. पोरीचं वजन मात्र झकास वाढत होतं. डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, “काळजी आईचीच घ्यायला हवी, मुलीचं उत्तम चाललंय.”

त्या संध्याकाळी आर्याचा पापा घेताना तिच्या तोंडाला वास आला. दुधाचा नव्हता. कोमट, गोडसर, मागे जरा लोखंडाची चव असलेला. ज्ञानदाने तो लगेच ओळखला. प्लेटा उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरचं दार उघडलं की पहिल्या श्वासाला तोच यायचा.

आपल्याच अंगाला येत असणार. तिने हात धुतले, कपडे बदलले, डोक्यावरून अंघोळ केली, आणि ओल्या केसांनी झोपलेल्या मुलीवर वाकली.

आर्याचे ओठ किंचित उघडे होते. वास तिथूनच येत होता.

३

शास्त्राचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडे भीतीवर एकच उपाय असतो: मोजून बघणं. पुढच्या बुधवारी ज्ञानदाने अकरा नंबरला अकराला खायला घातलंच नाही. द्रव अजून गार आहे म्हणाली आणि अडीचपर्यंत टाळलं.

साडेअकराला फोन केला.

“आज जेवली की,” सासूबाई म्हणाल्या. “दोन वाट्या. उपास मोडला.”

तीनला पुन्हा केला.

“तुला काय काम नाय का गं? आता दूध दिलं तर ढकललं. पोट टम्म हाय.”

एकदा घडलं तर किस्सा, तीनदा घडलं तर निष्कर्ष. हे वाक्य तिने कॉलेजात प्राध्यापकांना ऐकवलं होतं. आता ते तिच्या मदतीला आलं. हा किस्सा होता. दोन वाट्या खाल्ल्यावर कुठलंही मूल दूध ढकलेल.

शुक्रवारी इस्टेटीतले गाळे बंद असतात. दोन्हीकडच्या भिंती गप्प होत्या. ज्ञानदाने ज्यात प्लेटा हाताळत त्या गाळलेल्या हवेच्या कपाटाच्या काचेवर फोन टेकवला आणि घरी व्हिडिओ कॉल लावला.

“आई, फोन असाच धरा. आर्या दिसू दे.”

“किती वेल?”

“दहा मिनिटं.”

“आमी काय सिनेमात हाय?” पण त्यांनी धरला. आर्या फरशीवर बसून स्टीलच्या दोन वाट्या एकमेकींवर आपटत होती.

ज्ञानदाने आधी सात नंबरची प्लेट घेतली. चोवीस खळगे उपसले, चोवीस भरले. घरी वाट्यांचा खणखणाट चालूच. तिला हसू आलं. बघ, वेडाबाई.

मग अकरा नंबर घेतला. पहिल्या खळग्यातून पिवळं पाणी ओढलं.

वाट्यांचा आवाज थांबला.

तिने गुलाबी थेंब सोडला. पडद्यावर आर्याचा गळा हलला. काहीतरी गिळावं तसा.

दुसरा खळगा. गळा हलला. तिसरा. चौथा. ज्ञानदाला वाटलं, आपण हिच्या गळ्याकडे बघून हात हलवतोय. ताल आपण धरलाय, तिने नव्हे. म्हणून ती पडद्यावरची नजर काढून फक्त प्लेटकडे बघत राहिली, आणि पाच, सहा, सात, आठ, नऊ भरले. फोनमधून प्रत्येक वेळी बारीक, ओला आवाज आला.

नवव्यानंतर ती थांबली. हात हवेत. मनात वीस आकडे मोजले.

वर बघितलं तर आर्या तोंड जरासं उघडं ठेवून बसली होती. वाट बघत. मग तिने मान वळवली. फोनकडे, पण आईच्या चेहऱ्याकडे नाही. त्याच्या खाली, जिथे ज्ञानदाचा हात होता तिथे. तो हात फोनमध्ये दिसत नव्हता.

“बग कशी आ करून बसली,” सासूबाईंचा आवाज आला. “भूक लागली वाटतं. देऊ का काय?”

“नको,” ज्ञानदा म्हणाली. “थांबा. झालंच.”

आणि तिने उरलेले पंधरा खळगे भरले. अर्धं टाकून उठणं तिच्याने झालं नाही.

४

“तुमच्यात बाळाची वार कुठं पुरतात?” डबा खाताना तिने सालोमीला सहज विचारलं.

“आमच्यात? आजी सांगायची माडाच्या बुडाशी. आता काय, हॉस्पिटलवाले नेतात. का गं?”

“सासूबाई मागे लागतात.”

सासूबाई मागे लागल्या नव्हत्या. तेच तर खुपत होतं. आर्या झाली तेव्हा त्या तांब्याचं भांडं आणि लाल फडकं घेऊन प्रसूतिगृहाच्या जिन्यात उभ्या होत्या. त्यांच्या घरात बाळाची नाळ आणि वार परसात पुरायची, आणि बाळाच्या अंघोळीचं ऊनऊन पाणी महिनाभर त्या जागेवर सोडायचं. ज्ञानदाने लॅबच्या फॉर्मवर सही केली आणि नाळ-वार स्टीलच्या डब्यातून गोखिवऱ्याला गेली. शकूबाई रिकामं भांडं घेऊन घरी परतल्या. चार दिवस बोलल्या नाहीत, पण पुढे विषयही काढला नाही.

आज मात्र संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, “ते तुमच्या तिकडं ठेवलेलं. त्याला गार तर नाय ना लागत?”

ज्ञानदाच्या हातातली मेथी तशीच राहिली. “नाही. ऊब असते. अंगात असते तेवढीच.”

“मुंग्या?”

“मुंग्या कशा येतील, आई. सगळं बंद असतं.”

“आनि बघतं कोन?”

“मीच बघते.”

“मग बरं,” शकूबाई म्हणाल्या आणि निवडलेली मेथी धुवायला उठल्या. “दुसऱ्या कुनाच्या हातात देऊ नको म्हंजे झालं.”

त्या रागावल्या असत्या, रडल्या असत्या, अंधश्रद्धेवरून दोघींचं वाजलं असतं, तर ज्ञानदाला बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्या निर्धास्त झाल्या. इतक्या साध्या गोष्टीत वाद कसला, अशा.

५

सोमवारी जयवंत सर खुशीत आले. मोठ्या औषध कंपनीचं काम मिळालं होतं. औषधाचं नाव नाही, फक्त सांकेतिक क्रमांक. गुरुवारी प्लेटला तीन वेगवेगळ्या मात्रा द्यायच्या, शुक्रवारी आणि शनिवारी फोटो काढायचे. सगळ्यात वरची मात्रा गोळे मरतील अशीच ठेवायची. कुठे मरतात ते कळल्याशिवाय कुठे जगतात ते कळत नाही.

“अकरा नंबर लावू,” सर म्हणाले. “काय गुटगुटीत आहे बघा. हिच्या हाताला गुण आहे.”

“अकरा नको, सर.”

“का?”

तिच्याकडे कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मोठ्याने म्हणता येण्यासारखं नव्हतं. “माझ्या मुलीचा आहे तो.”

सर खरोखर गमतीने हसले. “अगं, मुलगी घरी आहे तुझी. हे तिच्या पेशींचं पीक. शेतकऱ्याने भात कापताना रडायचं का?”

सालोमी हसली नाही. ती हातमोजे चढवत होती, आणि तिच्या बोटात मोजा जात नव्हता.

सोमवार, मंगळवार ज्ञानदाने वाटा शोधण्यात घालवले. संमती मागे घेता येते. तिने फॉर्म काढून वाचला. सतराव्या कलमात लिहिलं होतं: परत घेतलेले नमुने तत्काळ नष्ट केले जातील. नष्ट करणं म्हणजे ब्लीचच्या बादलीत. तिने प्लेट खराब झाली असं सांगायचं ठरवलं. पण खराब प्लेटही त्याच बादलीत जाते. घरी न्यावी, तर घरी ऊब कुठून आणायची? प्रत्येक वाट त्या प्लेटवरूनच जात होती.

आणि हे सगळं खोटं असलं तर? असणारच. ती दिवसातून चाळीस वेळा स्वतःला हे सांगत होती. आपण थकलोय, घाबरट आहोत, सासूच्या एका टोमण्यावर आपण इमला बांधला. या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण मंगळवारी रात्री भाताचा घास भरवताना तिने आर्याच्या पोटावर उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. उद्या नाही, परवा. परवा सकाळी इथे.

६

गुरुवारच्या कामाला चालेल अशा वयाची आणखी एकच प्लेट होती. चार नंबर.

नियम असा होता, की नमुन्याचा आकडा झाकणावरही लिहायचा आणि प्लेटच्या कडेवरही. तिघांच्या लॅबमध्ये असे नियम भिंतीवर चिकटवलेले असतात. प्रत्यक्षात सगळे झाकणावरच लिहायचे. झाकण समोर दिसतं, कड कोण बघतो.

बुधवारी सालोमी लवकर गेली होती. सर आत फोनवर होते. ज्ञानदाने दोन्ही प्लेटा शेजारी शेजारी ठेवल्या. सारख्याच दिसत होत्या. चोवीस-चोवीस खळगे, गुलाबी पाणी, तळाशी धूसर ठिपके.

चार नंबर कुणाचा होता, तिला माहीत नव्हतं. आणि ते माहीत नाही, याचाच तिने आधार घेतला. वसई-विरारच्या दोन-तीन प्रसूतिगृहांत फॉर्म घेऊन तीच गेली होती. खाटेवरच्या बायकांशी गोड बोलून बहुतेक सह्या तिनेच मिळवलेल्या. कुणी टॉप्स घातलेली, कुणी केसांत चिमटा अडकवलेली, कुणी नुसतीच थकलेली. “काही होत नाही, ताई,” ती म्हणायची. “तसंही फेकूनच देतात.” त्या चेहऱ्यांपैकी एक चार नंबरचा होता. कुठला, ते तिने आठवून बघितलं नाही.

विचार तिने असा मांडला: हे सगळं माझं वेड असेल, तर झाकणं बदलल्याने कुणाचं काहीच बिघडणार नाही. पेशी त्या पेशी. आणि वेड नसेल, तर.

दुसरं वाक्य तिने तिथेच सोडलं. ती शिकलेली होती; अर्धं वाक्य कुठे सोडायचं ते तिला येत होतं.

झाकणं उचलायला आणि ठेवायला चार सेकंद लागले. काचेवर काच सरकल्यासारखा बारीक आवाज झाला. तिने चारचं झाकण घातलेली अकरा नंबरची प्लेट इन्क्युबेटरमध्ये वरच्या फळीवर मागे सरकवली. अकराचं झाकण घातलेली चार नंबरची प्लेट खालच्या फळीवर पुढे ठेवली.

७

गुरुवारी औषध सरांनीच घातलं. सकाळी दहाला. ज्ञानदा बाजूला उभी राहून वेळ लिहीत होती. दर पाच मिनिटांनी तिने घरी फोन केला. सहाव्यांदा शकूबाईंनी उचललाच नाही. मग धनेशचा मेसेज आला: आई विचारतेय तुला काय झालंय. आर्या भोपळ्याचं थालीपीठ खातेय. फोटो होता. तोंडभर तेल, हातात तुकडा, पुढचे चार दात.

ज्ञानदा स्वच्छतागृहात जाऊन थोडी रडली आणि स्वतःच्या मूर्खपणावर मनसोक्त हसली. तेव्हाच तिच्या लक्षात आलं, की या फोटोने काहीच सिद्ध होत नव्हतं. वेड असो वा नसो, आर्या ठीकच असणार होती; औषध तिच्या प्लेटला लागलंच नव्हतं.

दुपारी सालोमी अर्धी रजा टाकून गेली. घरून फोन आला होता, एवढंच म्हणाली.

८

शुक्रवारी इस्टेट बंद. सर अंधेरीला मीटिंगला गेलेले. सालोमी आलेली नव्हती. लॅबमध्ये ज्ञानदा एकटी आणि पंख्याची घरघर.

सव्वादहाला तिने अकराचं झाकण असलेली प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पहिली रांग औषधाविना ठेवलेली. तिथले गोळे पाण्याच्या बुडबुड्यांसारखे नितळ होते. दुसऱ्या रांगेत कडा खडबडीत झाल्या होत्या. शेवटच्या रांगेत गोळे आक्रसून तपकिरी पडले होते, भांड्याला लागलेल्या साबुदाण्यासारखे. औषध विषारी होतं. कामाच्या दृष्टीने उत्तम निकाल. तिने फोटो काढायला घेतले.

फोन वाजला. सालोमी. हात मोकळे नव्हते म्हणून तिने स्पीकरवर घेतला.

“ज्ञानदा, लॅबमध्ये आहेस ना?”

“हो. तू का नाही आलीस?”

“ॲलूला बरं नाही. काल सकाळपासून. पोटात काही ठरत नाही त्याच्या.” मागे मूल रडत होतं. जोरात नाही, ओढून ओढून, प्रत्येक हुंदक्याआधी थांबून. “एक काम करशील? हसायचं नाही पण.”

“नाही हसत.”

“चार नंबर बघ जरा. बरी आहे का सांग.”

ज्ञानदाची बोटं फोकसच्या चक्रावर होती. “चार का?”

“मी कुणाला सांगितलं नव्हतं. सासरी तर नाहीच. चार नंबर ॲलूचा आहे गं.” सालोमीने आवाज खाली आणला. “आणि आपण ज्या दिवशी खायला घालतो ना, त्या दिवशी तो जेवत नाही. महिनाभर बघतेय. मलाही कळतं, वेडेपणा आहे. तू फक्त बघ.”

ज्ञानदाने डोळा काचेला लावलेलाच होता. फोनमधून हुंदका आला. शेवटच्या रांगेतला एक तपकिरी गोळा आत ओढला गेला, आणि सुटला. पुन्हा हुंदका. शेजारचा गोळा, त्याच्या शेजारचा, सगळे एकदम आत, सगळे बाहेर. यकृताच्या पेशी हलत नाहीत. टेबल हादरत असेल, शेजारच्या मशीनमुळे. शेजारची मशीन बंद होती. पंख्यामुळे असेल. तिने तळहात टेबलावर दाबला. टेबल शांत होतं.

“ज्ञानदा? बघतेयस ना?”

“थांब. काढते.”

तिने ती प्लेट बाजूला सरकवली. इन्क्युबेटर उघडला. वरच्या फळीवरून चारचं झाकण असलेली प्लेट आणली आणि काचेखाली ठेवली. गोळे टपोरे, नितळ, एकाला लागून एक.

“छान आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज प्रसूतिगृहात फॉर्म वाचून दाखवताना असायचा तसा निघाला.

“फोटो टाक ना. प्लीज.”

तिने फोटो टाकला. पलीकडे काही क्षण फक्त रडणं. मग सालोमीने सोडलेला लांब श्वास.

“अगं, ही तर मस्त आहे. कसली वेडी मी. हॉस्पिटलला न्यायला रिक्षा बोलावली होती मी, माहितीये? आई कधीची म्हणतेय, सर्दी पोटात गेलीय, ओव्याचं पाणी दे. तेच देते आता.”

“तरी दाखवून ये,” ज्ञानदा म्हणाली.

“दाखवते संध्याकाळी. पण तू स्वतः बघितलीस ना? चारच ना ती?”

ज्ञानदाने झाकणाकडे बघितलं. तिच्याच अक्षरात, निळ्या मार्करने लिहिलेलं होतं.

सांगायला तीन शब्द पुरले असते: झाकणं बदलली आहेत. मग रिक्षा परत बोलावली गेली असती. मग सर आले असते, त्यांनी चूक सुधारली असती, आणि सोमवारी खरा अकरा नंबर बाहेर काढला असता. ते तीन शब्द तिच्या जिभेवर आले, तिथे थोडा वेळ राहिले, आणि तिने ते गिळले.

“चारच,” ती म्हणाली.

“देव तुझं भलं करो बाई.”

आणि रडणं थांबलं. उतरत उतरत नाही. एका हुंदक्याच्या मध्येच.

दोघीही ऐकत राहिल्या.

“झोपला बघ,” सालोमी कुजबुजली. “केव्हापासून झोपला नव्हता. ठेवते मी, उठेल नाहीतर.”

फोन बंद झाला. बाजूला सरकवलेली प्लेट हाताच्या अंतरावर होती. पुन्हा काचेखाली धरून बघायला तिला दहा सेकंदही लागले नसते. तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. मनवेलपाड्याला, फरशीवर, आर्या तोंड उघडून बसली असणार.

ज्ञानदाने नवे हातमोजे चढवले, गुलाबी द्रवाची बाटली हातात धरून कोमट आहे ना ते पाहिलं, आणि चार नंबरचं झाकण उचललं.